स्पेक्ट्रोफोटोमीटरचा खरा वेग किती? तपासणीच्या नोंदी

६ जानेवारी

प्रयोगशाळेतील द्विपुंज स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते हे मोजणारे उपकरण, वेगाने बदलणाऱ्या द्रावणांच्या मोजमापासाठी वापरता येईल की नाही, हे माहितीपत्रकातील आकड्यांवरून न ठरवता प्रत्यक्ष मोजून ठरवायचे आहे. उपकरण स्कॅनिंग प्रकारचे आहे, म्हणजे मोनोक्रोमेटरमधील (एकच तरंगलांबी निवडणाऱ्या भागातील) ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी बारीक रेघांची पट्टी) फिरत जाते आणि कोणत्याही एका क्षणी नमुन्यातून एकच तरंगलांबी जाते. पल्ला १९० ते ९०० नॅनोमीटरचा आहे, अतिनील भागासाठी ड्युटेरियम दिवा आणि दृश्य भागासाठी टंगस्टन-हॅलोजन दिवा आहे, प्रकाश टिपण्यासाठी फोटोमल्टिप्लायर आहे, आणि स्लिट (प्रकाश जाऊ देणारी फट; तिची रुंदी इथे तिच्यातून जाणाऱ्या तरंगलांबींच्या पट्ट्यात दिली आहे) ०.५, १, २ व ४ नॅनोमीटर अशी बदलता येते. कमाल वेग मिनिटाला ३००० नॅनोमीटर असा दिलेला आहे.

या वेगाने ७१० नॅनोमीटरचा पूर्ण पल्ला १४ सेकंदांत संपायला हवा. स्टॉपवॉच लावून पाहिले, तेव्हा बटण दाबल्यापासून आलेख संगणकावर साठवला जाईपर्यंत ४६ सेकंद गेले. जाहीर केलेला वेग खोटा नाही, कारण ग्रेटिंग खरोखरच त्या वेगाने फिरते. परंतु काम करणाऱ्याला जो वेग हाती लागतो तो याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. उरलेला वेळ कुठे जातो, हे शोधणे हे पहिले काम.

८ जानेवारी

वेळेचे दोन मोठे वाटेकरी सापडले. पहिला म्हणजे उपकरणातील यांत्रिक हालचाल: ग्रेटिंग ९०० नॅनोमीटरवर नेणे, ३५० नॅनोमीटरच्या आसपास आरसा वळवून एका दिव्यावरून दुसऱ्यावर जाणे, आणि वाटेत फिल्टरचे चक्र फिरवणे. हे फिल्टर काढून टाकता येत नाहीत, कारण ग्रेटिंगमधून ८०० नॅनोमीटरच्या जागी ४०० नॅनोमीटरचा दुसऱ्या क्रमाचा प्रकाशही बाहेर पडतो आणि तो अडवावाच लागतो.

दुसरा वाटेकरी अनपेक्षित होता. हे उपकरण मोजलेले आकडे स्कॅन संपल्यावर सीरियल पोर्टमधून पाठवते आणि त्या पोर्टचा वेग ९६०० होता, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. दर नॅनोमीटरला एक याप्रमाणे ७११ नोंदी, प्रत्येक नोंदीत तरंगलांबी, स्वल्पविराम, शोषणांक (नमुन्याने किती प्रकाश अडवला याचे माप; १ म्हणजे दहावा आणि २ म्हणजे शंभरावा हिस्सा प्रकाश पार गेला) आणि ओळ संपल्याची खूण धरून १८ अक्षरे. एकूण १२,७९८ अक्षरांना १३ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रकाश मोजायला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच आकडे तारेतून जायला लागत होता.

पोर्टचा वेग ३८,४०० केला. तो दोन्ही टोकांना सारखाच ठेवावा लागतो, नाहीतर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे येतात. वेग जुळल्यानंतरही मधूनमधून ओळी गळत होत्या. यूएसबी-सीरियल जोडणीत हार्डवेअर हँडशेकिंग (घेणारा तयार होईपर्यंत पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) सुरू केल्यावर ते थांबले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने आलेल्या ओळी मोजून पाहाव्यात, कारण गळालेली एखादी ओळ आलेखात दिसत नाही. सॉफ्टवेअर दोन शेजारच्या बिंदूंमध्ये सरळ रेष ओढून मोकळे होते. आता पूर्ण स्कॅनला एकूण ३६ सेकंद लागतात.

९ जानेवारी

दृश्य भागाचे काम असेल तेव्हा पल्ला ७०० ते ४०० एवढाच ठेवला. दिवा बदलण्याची हालचाल टळली, स्कॅन ६ सेकंदांवर आले आणि पाठवणीला दीड सेकंद पुरू लागला. उपकरणाला काहीही न करता मिळालेली ही सर्वांत मोठी बचत आहे.

१३ जानेवारी

वेग वाढवल्यावर तरंगलांबी बरोबर राहते का, हे आज पाहिले. दिवे अर्धा तास तापू दिल्यानंतर ड्युटेरियम दिव्याच्या स्वतःच्या ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरच्या रेषा सर्वांत अरुंद स्लिटवर, मिनिटाला ६० नॅनोमीटर इतक्या सावकाश वेगाने तपासल्या, दोन्ही ०.२ नॅनोमीटरच्या आत बसल्या. म्हणजे ग्रेटिंगचे यंत्र ठीक आहे.

त्यानंतर होल्मियम ऑक्साइडच्या परक्लोरिक आम्लातील द्रावणाची सीलबंद क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक चौकोनी नळी) घेतली. या द्रावणाची अनेक अरुंद शिखरे साधारण २४१.१, २८७.२, ३६१.३, ४१६, ४८५.३, ५३६.६ आणि ६४०.५ नॅनोमीटरवर येतात, म्हणून एकाच स्कॅनमध्ये संपूर्ण पल्ल्याची परीक्षा होते. सावकाश वेगाला शिखरे जागेवर होती. मिनिटाला ६०० नॅनोमीटर वेगाला ५३६.६ चे शिखर सुमारे अर्ध्या नॅनोमीटरने खाली सरकले, आणि ३००० ला दोन नॅनोमीटरहून अधिक. सरकण्याची दिशा नेहमी एकच होती: स्कॅन लांब तरंगलांबीकडून आखूड तरंगलांबीकडे जाते आणि शिखरही त्याच दिशेला ओढले जाते. त्याशिवाय शिखरांची उंची कमी झाली आणि जोडशिखरांमधली दरी भरून आली.

याचे कारण इलेक्ट्रॉनिक्समधील विलंब आहे. संकेत गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरला प्रतिसाद द्यायला थोडा काळ लागतो आणि तेवढ्यात ग्रेटिंग पुढे गेलेले असते. सरकलेले अंतर वेगाने भागल्यास हा काळ मिळतो: ६०० चा वेग म्हणजे सेकंदाला १० नॅनोमीटर, अर्धा नॅनोमीटर भागिले १०, म्हणजे ०.०५ सेकंद. ३००० च्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ५० नॅनोमीटरला, हाच हिशोब जवळपास तेच उत्तर देतो. कोणत्याही स्कॅनिंग उपकरणाचा प्रतिसादकाळ उत्पादकाने दिलेला नसला, तरी तो अशा रीतीने एका होल्मियम क्युव्हेटवर काढता येतो, आणि माझ्या मते हा एक आकडा कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचा आहे.

१५ जानेवारी

बेसलाइनबद्दल, म्हणजे नमुना न ठेवता आधी घेतलेल्या आणि नंतर वजा केल्या जाणाऱ्या नोंदीबद्दल, एक सूचना नोंदवून ठेवतो. कालपर्यंत बेसलाइन सावकाश वेगाने घेतलेली होती आणि नमुने वेगाने मोजले जात होते. परिणामी दिवा बदलण्याच्या जागी, ३५० जवळ, प्रत्येक आलेखात एक छोटी पायरी उमटत होती आणि ती नमुन्याचीच आहे असे वाटण्याजोगी होती. बेसलाइन आणि नमुना यांचा वेग, स्लिट आणि दोन नोंदींमधले अंतर सारखे ठेवल्यावर पायरी नाहीशी झाली.

२० जानेवारी

स्लिटचा प्रश्न. हेक्झेनमधील ०.०२ टक्के टोल्युइनचे द्रावण घेऊन २६९ नॅनोमीटरचे शिखर आणि २६६ नॅनोमीटरची दरी यांच्या शोषणांकांचे गुणोत्तर काढले. ०.५ नॅनोमीटर स्लिटला ते २.४ आले, १ ला २.०, २ ला १.४, आणि ४ ला शिखर व दरी यांत फरकच उरला नाही. औषधांच्या चाचण्यांमध्ये हे गुणोत्तर किमान १.५ असावे अशी अट रूढ आहे. २ नॅनोमीटरच्या स्लिटवर हे उपकरण ती पूर्ण करत नाही, १ वर सहज करते.

मग सर्व कामे ०.५ वर का करू नयेत? कारण स्लिट निम्मी केली की आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही दरवाजे निम्मे होतात आणि प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. २ वरून ०.५ वर गेल्यास प्रकाश सोळावा हिस्सा उरतो. फोटोमल्टिप्लायरमध्ये नॉइज (नोंदीतील अकारण चढउतार) प्रामुख्याने प्रकाशकणांच्या मोजणीतूनच येतो आणि तो मोजलेल्या कणांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून नॉइज पूर्वीइतकाच ठेवायचा तर प्रत्येक बिंदूवर सोळापट वेळ थांबावे लागते. ५०० नॅनोमीटरवर, क्युव्हेटमध्ये नुसते पाणी ठेवून मिनिटभर नोंदी घेतल्या: २ च्या स्लिटला ०.१ सेकंदाच्या सरासरीने ०.०००४ एवढा चढउतार होता, १ सेकंदाच्या सरासरीने तो ०.०००१३ वर आला, ०.५ च्या स्लिटला ०.१ सेकंदाने तो सुमारे चौपट झाला. हिशोब आणि मोजमाप जुळले, याचे समाधान वाटले.

यातून कामाचा मार्ग निघतो. नमुन्याचा शोषणपट्टा जितका रुंद, तितकी रुंद स्लिट चालते. स्लिट पट्ट्याच्या रुंदीच्या एक-दशांश ठेवली तरी शिखराची उंची अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर येते. रंगद्रव्यांचे पट्टे बहुधा ५० नॅनोमीटरहून रुंद असतात, त्यांना ४ नॅनोमीटरची स्लिट पुरते आणि प्रकाश १ नॅनोमीटरच्या सोळापट मिळतो. वेग हा अशा ठिकाणी फुकट मिळतो. टोल्युइनसारख्या बाष्पसदृश बारीक रेषांच्या नमुन्याला मात्र वेगाची अपेक्षाच करू नये.

२३ जानेवारी

भटका प्रकाश, म्हणजे निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा, तरीही फोटोमल्टिप्लायरपर्यंत पोहोचणारा प्रकाश. लिटरमध्ये १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण १९८ नॅनोमीटरला प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून तिथे उपकरणाने २ च्या वर शोषणांक दाखवायला हवा. या उपकरणाने कसाबसा २.१ दाखवला. लिटरमध्ये ५० ग्रॅम सोडियम नायट्राइटच्या द्रावणाने ३४० ला ३.१ दाखवला, म्हणजे तिथे भटका प्रकाश ०.०८ टक्के. दृश्य भागाकडे परिस्थिती उत्तम, खोल अतिनीलमध्ये वाईट, असे चित्र दिसले की संशय प्रथम ड्युटेरियम दिव्यावर घ्यावा: खोल अतिनीलमधला त्याचा प्रकाश सर्वांत आधी मंदावतो, भटका प्रकाश मात्र तेवढाच राहतो. उपकरणातील नोंदीनुसार दिव्याचे १००० तास केव्हाच उलटून गेले होते.

दिवा बदलला. क्वार्ट्झच्या काचेला बोट लागू देऊ नये, लागलेच तर दिवा पेटवण्यापूर्वी अल्कोहोलने पुसावे, आणि पेटलेल्या दिव्याकडे संरक्षक चष्म्याशिवाय पाहू नये. नवा दिवा तापल्यानंतर १९८ ला २.६ मिळाले. दिव्याची जागा पुन्हा जुळवण्यात दुपार गेली, परंतु त्याला पर्याय नव्हता.

या आकड्यांचा वेगाशी थेट संबंध आहे, म्हणून त्यांचा अर्थ लिहितो. भटका प्रकाश ०.१ टक्का असेल, तर खरा शोषणांक १ असताना उपकरण ०.९९६ दाखवते, आणि खरा २ असताना १.९६. ही चूक सरासरीचा काळ वाढवून कमी होत नाही. ती सावकाश मोजले तरी तशीच राहते. नॉइजची गोष्ट वेगळी: शोषणांक ३ म्हणजे प्रकाशाचा हजारावा हिस्सा, आणि तिथला नॉइज शून्य शोषणांकाच्या तुलनेत सुमारे ३२ पट होतो. तो पूर्ववत करायला हजारपट वेळ द्यावा लागेल. त्यामुळे वेगाने मोजायचे असेल तर द्रावण इतके विरळ करावे की शोषणांक १ च्या खाली राहील. इतका साधा उपाय असताना अनेकदा तो सोडून दाट द्रावणावर वेळ घालवला जातो, हे मला खटकते.

२४ जानेवारी

लिटरमध्ये ६० मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेटचे, विरळ सल्फ्युरिक आम्लातील द्रावण २३५, २५७, ३१३ आणि ३५० नॅनोमीटरला मोजले. अपेक्षित शोषणांक अनुक्रमे ०.७४७, ०.८६७, ०.२९२ आणि ०.६४४. चारही ०.००५ च्या आत आले. पट्टे रुंद असल्याने वेगवान स्कॅनमध्येही उंची टिकून राहिली. इथे आणखी काही करण्याची गरज नाही.

२९ जानेवारी

आता खरे काम: क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड. जांभळा रंग हळूहळू नाहीसा होतो आणि ५९० नॅनोमीटरवरचा शोषणांक घटत जातो. ०.१ मोलर अल्कलीमध्ये, खोलीच्या तापमानाला, अर्धा रंग सुमारे ३५ सेकंदांत गेला. वेगस्थिरांक (अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा) सेकंदाला ०.०२ च्या जवळ आहे.

प्रथम ७०० ते ४०० चे सलग स्कॅन घेऊन पाहिले. सहा सेकंदांच्या स्कॅनमध्ये ११ टक्के रंग नाहीसा होतो, म्हणजे ७०० नॅनोमीटरची नोंद ताज्या द्रावणाची आणि ४०० ची नोंद बऱ्याच उतरलेल्या द्रावणाची. असा वर्णपट खऱ्या वर्णपटासारखा दिसतो, तरी तो कोणत्याही एका क्षणाचा नसतो. प्रत्येक बिंदूला त्याची स्वतःची वेळ देऊन गणिताने दुरुस्ती करता येते, पण प्रवेगी आणि थांबत्या ग्रेटिंगची नेमकी वेळ उपकरण सांगत नाही. म्हणून ही दिशा सोडली.

त्याऐवजी ग्रेटिंग ५९० वर स्थिर ठेवले, स्लिट ४, आणि दर ०.१ सेकंदाला एक नोंद. आता वेळेच्या बाबतीत उपकरण अडसर राहिले नाही. अडसर हाताचा झाला. बाहेर मिसळून क्युव्हेट आत ठेवून झाकण लावेपर्यंत सुमारे दहा सेकंद जातात आणि तेवढ्यात १८ टक्के अभिक्रिया होऊन जाते.

३१ जानेवारी

क्युव्हेट जागेवर ठेवूनच अल्कली घालण्याची सोय केली. झाकणाला छोटे भोक पाडून त्यातून मायक्रोपिपेटचे टोक जाईल अशी काळी रबरी चकती बसवली, आणि खाली लहान चुंबकीय ढवळणी. खोलीतील दिवे चालू असताना भोकातून येणारा प्रकाश नोंदीत दिसत होता, तो चकतीने थांबला. ढवळणी जास्त वेगाने फिरवली की बुडबुडे पुंजात येतात आणि आलेखावर काटे उमटतात. वेग कमी केल्यावर काटे गेले. मिसळण्याचा काळ आता दोन सेकंदांच्या आत आला आहे. याहून वेगवान अभिक्रियांसाठी स्टॉप्ड-फ्लो जोडणी (द्रावणे जोराने एकत्र ढकलून प्रवाह एकदम थांबवणारी) लागते, जिच्यात मिसळण्याचा काळ एक-दोन मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. नुसते वेगवान स्पेक्ट्रोफोटोमीटर घेऊन ते साधत नाही.

४ फेब्रुवारी

नॉइज अचानक पाचपट झाला. दिवा, स्लिट, सरासरी, सगळे पूर्वीसारखेच होते. कारण नव्या लहान क्युव्हेटमध्ये सापडले. उपकरणाचा पुंज तळापासून १५ मिलिमीटर उंचीवरून जातो आणि ही क्युव्हेट ८.५ मिलिमीटर उंचीच्या पुंजासाठी बनवलेली होती. प्रकाश द्रावणाच्या पृष्ठभागाला घासून जात होता आणि ढवळणीबरोबर पृष्ठभाग हलत होता. क्युव्हेट मागवण्यापूर्वी पुंजाची उंची विचारून घ्यावी, किंवा नमुन्याच्या जागी पांढरा कागद धरून ठिपका कुठे पडतो ते पाहावे.

क्रिस्टल व्हायोलेट क्युव्हेटच्या भिंतींना चिकटते, हेही इथेच नोंदवतो. पाण्याने धुऊन ब्लँक (रंगद्रव्य नसलेले द्रावण) ठेवले तरी ५९० ला ०.०२ च्या आसपास शोषणांक उरत होता. विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, मग इथेनॉल, मग पाणी, या क्रमाने धुतल्यावर तो शून्यावर आला.

७ फेब्रुवारी

तापमान. पाण्याच्या टाकीवर २५ अंश दिसत असताना क्युव्हेटमधील द्रावणात बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बुडवून पाहिले, तर २३.६. दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो असे धरले, तर एवढ्या फरकाने वेगस्थिरांक दहा टक्क्यांच्या आसपास चुकतो. शोषणांकाच्या चौथ्या दशांश स्थळासाठी केलेली सगळी खटपट यापुढे निरर्थक ठरते. आता टाकी २६.५ वर ठेवतो आणि अल्कलीची बाटलीही त्याच टाकीत ठेवतो.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या प्रयोगशाळेतील डायोड-अॅरे उपकरणावर तीच अभिक्रिया मोजली. त्यात पांढरा प्रकाश आधी नमुन्यातून जातो आणि नंतर ग्रेटिंगवर फुटून शेकडो डायोडांवर (प्रकाश टिपणाऱ्या लहान घटकांवर) एकाच वेळी पडतो, त्यामुळे ०.१ सेकंदात पूर्ण वर्णपट मिळतो आणि त्यातील सर्व बिंदू एकाच क्षणाचे असतात. ह्युलेट-पॅकार्डने १९७९ मध्ये असे पहिले व्यावसायिक उपकरण आणले. त्याआधी, १९४१ च्या बेकमन डीयूवर प्रत्येक तरंगलांबीला हाताने चक्र फिरवून एकेक आकडा वाचावा लागे, आणि तरीही त्या काळी तो मोठाच वेग होता.

मर्यादाही आहेत. स्लिट बदलता येत नाही, डायोडांच्या संख्येवर सूक्ष्मता ठरून गेलेली असते, आणि याच उपकरणावर नायट्राइटच्या चाचणीत भटका प्रकाश आमच्या उपकरणापेक्षा स्पष्टपणे जास्त आढळला. दुसरे, संपूर्ण अतिनील प्रकाश सतत नमुन्यावर पडतो. प्रकाशाने विघटन होणारा नमुना असेल तर नोंदींच्या मध्ये शटर बंद ठेवले पाहिजे, आणि शटर उघडे व बंद अशा दोन्ही रीतींनी एकदा मोजून फरक पाहिला पाहिजे. क्रिस्टल व्हायोलेटच्या बाबतीत फरक आला नाही.

५९० वरून काढलेला वेगस्थिरांक दोन्ही उपकरणांवर तीन टक्क्यांच्या आत सारखा आला. डायोड-अॅरेने अधिक काय दिले, तर मधले कोणतेही रंगीत द्रव्य तयार होत नाही याची खात्री, कारण सर्व वर्णपट एकाच आकाराने खाली उतरत गेले. हा प्रश्न ज्या अभिक्रियेत महत्त्वाचा असेल, तिथे डायोड-अॅरेच हवे. बाकीच्या कामाला स्थिर तरंगलांबीवरचे आमचे जुने उपकरण पुरेसे आहे.

१४ फेब्रुवारी

उपकरणाशेजारी लावलेला कागद बदलला. अनोळखी नमुन्याचा पहिला स्कॅन १ च्या स्लिटवर, मिनिटाला १२० नॅनोमीटर. पट्टा रुंद निघाला तरच वेग ६०० वर न्यावा आणि स्लिट २ किंवा ४ करावी. ३००० चा वेग केवळ नमुन्यात काही शोषण आहे की नाही एवढे पाहण्यासाठी आहे, आणि त्या स्कॅनवरून शिखराची तरंगलांबी वहीत लिहू नये. गतिकीच्या नोंदी स्थिर तरंगलांबीवर, शोषणांक १ च्या आत, द्रावणातले तापमान मोजून. होल्मियमची तपासणी दर महिन्याला होईल, १९८ नॅनोमीटरची पोटॅशियम क्लोराइडची तपासणी दिव्याच्या दर २०० तासांनी. आजचा आकडा २.६, दिव्याच्या तासांच्या काट्यावर ३१.